मातीतून नवीन अँटिबायोटिक कसं शोधायचं: बडोद्याच्या लॅबमधून, पायरी पायरीने

आमच्या बडोद्यात लहानपणी घसा धरला, ताप आला की डॉक्टरकाका बऱ्याचदा अल्थ्रोसिन लिहून द्यायचे. गोळी इथलीच, अलेम्बिकची. ही कंपनी १९०७ पासून बडोद्यात आहे आणि ती उभी करणाऱ्यांत गज्जर आणि अमीन यांच्यासोबत कोटीभास्कर हे आपलं मराठी नावही आहे, त्यामुळे आमच्या दांडिया बाजारातल्या घरात त्या गोळीबद्दल एक आपलेपणा होता. पुढे मायक्रोबायोलॉजी शिकायला लागले तेव्हा कळलं की अल्थ्रोसिन म्हणजे एरिथ्रोमायसिन, आणि एरिथ्रोमायसिन आलं फिलिपिन्सच्या मातीतून. १९४९ मध्ये अबेलार्दो अगिलार नावाच्या तिथल्या डॉक्टरने मातीचा नमुना अमेरिकेत एलाय लिली कंपनीला पाठवला होता, त्या मातीतल्या बॅक्टेरियाने बनवलेलं औषध फिरत फिरत आमच्या कपाटातल्या डब्यात आलं.

आणि हे एकच नाही. स्ट्रेप्टोमायसिन (१९४३, वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शाट्झने काढलं) मातीतलं, क्लोरॅम्फेनिकॉल व्हेनेझुएलाच्या मातीतलं, व्हॅन्कोमायसिन बोर्निओच्या, डॅप्टोमायसिन तुर्कस्तानातल्या अरारात डोंगराच्या. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांच्या टीमने हॅमायसिन नावाचं फंगसवरचं औषध शोधलं, ज्या बॅक्टेरियातून ते मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की मागच्या वर्षी माझ्या आजीचा युरिन कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात एका बाजूला औषधांची लांब यादी आणि दुसऱ्या बाजूला खाली खाली नुसतं आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. शेवटी दोनच औषधांपुढे एस, म्हणजे चालतं, असं होतं आणि दोन्ही इंजेक्शनं, म्हणजे ॲडमिट. तो कागद हातात धरून मी बराच वेळ नुसती बसले होते. नवीन औषधं लागणार आहेत आणि ती शोधायची सुरुवात कॉलेजच्या साध्या लॅबमध्येही होऊ शकते हे मला मनापासून वाटतं. पण ती नीट व्हायला पाहिजे. दरवर्षी बीएस्सी, एमएस्सीची मुलं प्लेटवर एक स्वच्छ गोल (जिथे बॅक्टेरिया वाढलेलेच नाहीत) बघतात आणि नवीन अँटिबायोटिक सापडलं म्हणून फोटो टाकतात. गोल दिसणं सोपं आहे हो, तो गोल कशामुळे आला हे शोधण्यातच खरं काम आहे, म्हणून या लेखात बरीच जागा त्यालाच दिलीय.

आधी सेफ्टी, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

हे काम घरी करायचं नाही. किचनमध्ये नाही, गच्चीवर नाही. मातीत स्ट्रेप्टोमायसिस असतो तसे धनुर्वाताचे, अँथ्रॅक्सचे, मेलिऑइडोसिसचे जंतूही असू शकतात आणि प्लेटवर तुम्ही जे वाढवता ते करोडोंनी वाढवता. लॅब पाहिजे, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) पाहिजे, आणि ज्यांना हे काम येतं असे सर किंवा मॅडम जवळ पाहिजेत. मातीच्या प्लेट टेपने बंद करायच्या, उघडून वास घ्यायचा नाही (पहिल्या पावसाचा जो वास येतो तो जिओस्मिनचा, स्ट्रेप्टोमायसिसच बनवतो तो, पण त्याचा आनंद अंगणात घ्या, प्लेटला नाक लावून नको). वापरलेलं सगळं १२१ डिग्रीला किमान ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून मगच फेकायचं.

टेस्ट करायला खरे आजार करणारे जंतू लागतातच असं नाही. त्यांचे निरुपद्रवी नातेवाईक पुरतात: स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या जागी बॅसिलस सबटिलिस किंवा मायक्रोकोकस ल्युटियस, सुडोमोनास एरुजिनोसाच्या जागी सुडोमोनास पुटिडा, ॲसिनेटोबॅक्टर बाउमानीच्या जागी ॲसिनेटोबॅक्टर बेलाई, आणि ई. कोलायचा के-१२ हा लॅबमधला स्ट्रेन. हे चंदीगडच्या एमटीसीसीकडून किंवा पुण्याच्या एनसीआयएमकडून (दोन्ही बॅक्टेरिया जपून ठेवणारे संग्रह) मागवता येतात, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागतं. हॉस्पिटलमधून आणलेला स्ट्रेन साध्या लॅबमध्ये अजिबात आणू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

माती कुठली, कधी, कशी

मी एप्रिल-मेमध्ये माती घेते. बडोद्यात तेव्हा चाळीसच्या वर पारा असतो, वरची माती कोरडी ठणठणीत, आणि अशा मातीत पटापट वाढणारे साधे बॅक्टेरिया कमी झालेले असतात पण ॲक्टिनोमायसिटीसचे स्पोअर (बियांसारख्या टणक पेशी) टिकून राहतात. ॲक्टिनोमायसिटीस म्हणजे बुरशीसारखे धागे काढणारे बॅक्टेरिया, स्ट्रेप्टोमायसिस त्यातलाच, आणि मातीतून आलेली बहुतेक मोठी अँटिबायोटिक्स या घराण्याची. पावसाळ्यात पण घेता येते, पण मग प्लेटवर बॅसिलसचा चिखल होतो.

जागा वेगवेगळ्या निवडा. आमच्याकडे एकाच जिल्ह्यात दोन जातीची माती आहे, कर्जन-डभोईकडे कानमची काळी कापसाची माती आणि दुसरीकडे गोराडू, म्हणजे भुसभुशीत पिवळसर. मी कर्जनला मामाच्या कापसाच्या शेतातून घेतली, वाड्याच्या मागच्या कडुनिंबाखालची घेतली, कंपोस्टच्या खड्ड्याजवळची घेतली. मामा म्हणाला, "अगं, एवढीशी माती? टेम्पो भरून ने की." त्याला सांगितलं की एक ग्रॅममध्येच एवढे बॅक्टेरिया असतात की माझा जन्म पुरणार नाही. विश्वामित्रीच्या काठची माती घ्यायचा मोह होतो पण काठावर उतरू नका, मगरी खरंच आहेत तिथे. कोणाच्याही शेतातून, बागेतून विचारूनच घ्यायची, आणि अभयारण्यातली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

घ्यायची पद्धत साधी. वरचा पालापाचोळा आणि दोनेक सेंटिमीटर माती बाजूला करा, ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरून स्पिरिटने पुसलेल्या खुरपीने ५० ग्रॅमभर घ्या, नवीन झिपलॉक पिशवीत भरा. पिशवीवर तारीख, जागा, खोली, कुठलं झाड किंवा पीक, शक्य असेल तर मोबाईलवरून लोकेशन. हे त्याच वेळी लिहा. घरी जाऊन लिहीन म्हणालात की तीन पिशव्यांपैकी कुठली कडुनिंबाची हे सांगता येणार नाही.

प्लेटपर्यंत

माती कागदावर पसरून सावलीत आठवडाभर वाळवा, चाळणीने चाळा. मग नको असलेल्यांना बाजूला करायचे दोन स्वस्त उपाय आहेत. एक, वाळलेली माती हॉट एअर ओव्हनमध्ये १२० डिग्रीला एक तास. स्पोअर बरेचसे टिकतात, बाकीचे बरेच मरतात. दोन, दहा भाग माती आणि एक भाग कॅल्शियम कार्बोनेट मिसळून, किंचित ओलसर ठेवून २८ डिग्रीला आठवडाभर. मी नमुन्याचे तीन भाग करते, एक तसाच, एक भाजलेला, एक कार्बोनेटवाला, कारण प्रत्येकातून वेगळे पाहुणे निघतात.

मीडियम, म्हणजे बॅक्टेरियाचं खाणं, म्हणून स्टार्च केसीन अगार घ्या (अगार म्हणजे ते घट्ट करणारी जेली). एक लिटरला स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड २, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१ आणि अगार १८ ग्रॅम, पीएच ७ ते ७.२. रेडिमेड पावडर पण मिळते. हे मीडियम मुद्दाम गरीब ठेवलेलं असतं, न्यूट्रिएंट अगारसारखं श्रीमंत मीडियम दिलं की बॅसिलस एका रात्रीत सगळी प्लेट खातो. बुरशी थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली (विषारी आहे, ग्लोव्हज घालूनच) किंवा निस्टॅटिन, आणि ग्रॅम निगेटिव्ह (ई. कोलायच्या गटातले) बॅक्टेरिया थांबवायला नॅलिडिक्सिक ॲसिड २० ते २५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, अगार पन्नास डिग्रीपर्यंत थंड झाल्यावर घालायचं.

मग डायल्युशन. एक ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइनमध्ये, चांगलं व्होर्टेक्स करा, जड कण बसू द्या. त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीमध्ये, असं करत एकास लाखापर्यंत जा, दर वेळी नवीन टिप. एकास हजार, एकास दहा हजार आणि एकास लाख यातलं ०.१ मिली प्लेटवर स्प्रेडरने पसरा. भाजलेल्या मातीसाठी एकास शंभर आणि एकास हजार घ्या. प्रत्येकी दोन-तीन प्लेट, उलट्या ठेवून २८ ते ३० डिग्रीला.

आता थांबायचं. पहिल्या तीन दिवसांत जे ओलं, चकचकीत, पसरट उगवतं त्याच्या मागे लागू नका. सातव्या-आठव्या दिवशी प्लेट उजेडासमोर तिरकी धरा. छोट्या, कोरड्या कॉलनी दिसतील, आधी साबुदाण्यासारख्या घट्ट, मग वर खडूची पूड भुरभुरल्यासारखी पांढरी, राखाडी, कधी फिकट गुलाबी. खालून बघितलं तर पिवळा, तपकिरी, लाल रंग अगारमध्ये उतरलेला असतो. लूपने उचलायला गेलं तर सहज निघत नाहीत, मुळं धरल्यासारख्या अगारमध्ये रुतलेल्या असतात, निर्जंतुक टूथपिकने खरवडून काढाव्या लागतात. मला आजही हा दिवस सगळ्यात आवडतो. १४ दिवसांपर्यंत प्लेट ठेवा, उशिरा येणारे जास्त दुर्मिळ असतात. २०२५ मध्ये जाहीर झालेलं लॅरिओसिडिन कॅनडात एका घराच्या मागच्या अंगणातल्या मातीतून मिळालं आणि तिथल्या टीमने मातीतले बॅक्टेरिया जवळपास वर्षभर हळूहळू वाढू दिले होते.

उचललेली प्रत्येक कॉलनी आयएसपी-२ अगारवर (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४, माल्ट एक्स्ट्रॅक्ट १०, डेक्स्ट्रोज ४, अगार २० ग्रॅम प्रति लिटर, पीएच ७.२) स्ट्रीक करा, एकसारख्या कॉलनी येईपर्यंत दोन-तीनदा परत करा. नंबर द्या. माझ्याकडे कर्जनच्या मातीतून ४६ प्युअर आले, क-१ ते क-४६. प्युअर झाल्याबरोबर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये स्टॉक करून फ्रीजरला टाका, नंतर करू म्हणू नका, वारंवार सबकल्चर केलं की काही स्ट्रेन अँटिबायोटिक बनवायचंच सोडून देतात.

पहिली चाळणी

यासाठी तीन रीती आहेत, मला अगार प्लग आवडतो. क्रॉस स्ट्रीकमध्ये प्लेटच्या मधोमध तुमचा स्ट्रेन एका रेघेत लावून सहा-सात दिवस वाढवतात, मग टेस्टचे बॅक्टेरिया काटकोनात त्या रेघेपर्यंत ओढतात आणि कोण किती लांब थांबतो ते बघतात, एका प्लेटवर चार-पाच टेस्ट होतात म्हणून सुरुवातीला सोयीचं. सॉफ्ट अगार ओव्हरलेमध्ये ठिपक्यांवर ०.७ टक्के अगारमधला टेस्ट बॅक्टेरिया ओततात, जलद आहे पण स्पोअर तरंगून सगळीकडे पसरले की वैताग येतो. प्लगमध्ये तुमचा स्ट्रेन आयएसपी-२ वर सात दिवस दाट वाढवायचा, ६ मिलिमीटरच्या कॉर्क बोररने अगारचं बटण कापायचं आणि ते ताज्या टेस्ट प्लेटवर ठेवायचं.

टेस्ट प्लेट मात्र शिस्तीत बनवा. म्युलर हिंटन अगार, जाडी ४ मिलिमीटर, म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली. टेस्ट बॅक्टेरियाचं सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) मिळवा. स्टँडर्ड स्वतः बनवता येतं: ०.०५ मिली १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड आणि ९.९५ मिली १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड, हलवून पांढऱ्या कागदावरच्या काळ्या रेघांपुढे धरून तुलना करायची, ई. कोलायसाठी हे साधारण १५ कोटी पेशी प्रति मिली होतात. स्वॅबने तीन दिशांनी पुसा, पाच-दहा मिनिटं सुकू द्या, प्लग ठेवा. दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवलं तर औषधाला झिरपायला वेळ मिळतो. मग ३५ डिग्रीला १६ ते १८ तास, पुटिडा आणि बेलाई ३० डिग्रीला बरे वाढतात.

प्रत्येक प्लेटवर एक कोऱ्या आयएसपी-२ चा प्लग आणि एक ओळखीच्या अँटिबायोटिकची डिस्क पाहिजेच. या दोन गोष्टी नसतील तर ती प्लेट मोजू नका.

माझ्या ४६ पैकी ११ जणांनी बॅसिलस सबटिलिसवर झोन, म्हणजे तो स्वच्छ गोल, दिला, ई. कोलायवर फक्त दोघांनी. हे प्रमाण असंच विषम येतं, ग्रॅम निगेटिव्हला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं आणि मोठे रेणू त्यातून आत जात नाहीत. म्हणून ई. कोलायवर छोटा झोन देणारा माझ्या दृष्टीने सबटिलिसवर मोठा झोन देणाऱ्यापेक्षा मौल्यवान.

आणि झोन मोठा म्हणजे औषध जोरदार असं समजू नका, ही चूक फार होते. झोनचा आकार रेणू अगारमध्ये किती सरकतो यावर पण असतो. कॉलिस्टिन इतकं हळू सरकतं की त्याची डिस्क टेस्ट भरवशाचीच मानत नाहीत, तरी ते शेवटच्या फळीचं औषध आहे.

हा झोन कशाचा?

इथे मी दोन महिने गमावलेत म्हणून सविस्तर लिहिते. क-८ नावाचा स्ट्रेन होता, सबटिलिसवर पण झोन, ई. कोलायवर पण झोन, रोज तसाच. मी ग्लुकोज जास्त असलेल्या ब्रॉथमध्ये (पातळ मीडियममध्ये) वाढवून त्याचं पाणी अगारमध्ये पाडलेल्या वेलमध्ये, म्हणजे भोकात, घालत होते. एक दिवस सहज पीएच पेपर बुडवला तर ४.५. ते पाणी सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणलं आणि झोन गायब. औषध वगैरे काही नव्हतं, ग्लुकोज खाऊन केलेलं ॲसिड होतं. पीएच पेपरची पट्टी पहिल्या दिवशी बुडवली असती तर दोन महिने वाचले असते, तुम्ही पहिल्याच दिवशी बुडवा.

तर झोन दिसला की हे सगळं क्रमाने तपासा. पीएच ७ केल्यावर झोन राहतो का. त्याच मीडियमला बॅक्टेरिया न घालता तसंच हलवून, तसंच काढून बघितलं तर झोन येतो का. ज्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलंय त्याची नुसती डिस्क सुकवून ठेवली तर येतो का. कॅटलेज घातल्यावर गेला तर तो हायड्रोजन पेरॉक्साइड होता. अगारमध्ये थोडं फेरिक क्लोराइड घातल्यावर गेला तर बॅक्टेरिया फक्त लोह पळवत होता, सिडरोफोर म्हणतात त्याला. प्रोटीनेज-के दिल्यावर गेला तर प्रोटीन किंवा पेप्टाइड आहे, ते वाईट नाही पण वहीत लिहून ठेवा. दहा मिनिटं उकळून काय होतं तेही बघा. आणि हे सगळं तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवून. माझ्या ११ पैकी यातून सहा उरले.

द्रावणात काढणं

उरलेल्यांना ब्रॉथमध्ये वाढवा. आधी ५० मिलीचं सीड कल्चर दोन-तीन दिवस, त्यातलं ५ ते १० टक्के मोठ्या फ्लास्कमध्ये, २८ डिग्री, १८० ते २०० आरपीएम, सात दिवस. फ्लास्कमध्ये पाचव्या भागापेक्षा जास्त ब्रॉथ भरू नका, हवा लागते त्यांना. तिसऱ्या दिवसापासून रोज एक मिली काढून झोन बघा, कधी पाचव्या दिवशी भरपूर असतं आणि आठव्या दिवशी काहीच नाही. एका मीडियममध्ये काहीच बनवत नसेल तर लगेच सोडून देऊ नका, सोयाबीन पिठाचं, ओटमीलचं मीडियम देऊन बघा, त्याच स्ट्रेनचा स्वभाव मीडियम बदललं की बदलतो.

सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी आणि खालचा गोळा दोन्ही ठेवा, औषध पेशींमध्येच अडकलेलं पण असतं. पाण्याला समभाग इथाइल ॲसिटेट, सेपरेटिंग फनेलमध्ये तीनदा, प्रत्येक वेळी वाफ सोडत. हे फ्यूम हुडमध्ये, आणि आसपास बर्नर पेटलेला नको, भडकतं ते. गोळ्याला मिथेनॉल. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० डिग्रीला सुकवा, वजन करा, डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा. इथाइल ॲसिटेटमध्ये काहीच आलं नाही आणि पाण्यातच राहिलं तर स्ट्रेप्टोमायसिनसारखा पाण्यात रमणारा रेणू असू शकतो, मग रेझिनचा मार्ग, म्हणजे तो रेणू धरून ठेवणाऱ्या मण्यांवरून पाणी सोडायचं.

टीएलसी (एक्स्ट्रॅक्टमधले रेणू प्लेटवर वेगवेगळ्या डागांत पसरवायची रीत) इथे फार कामाला येते आणि फार स्वस्त आहे. सिलिका प्लेटवर एक्स्ट्रॅक्ट चालवा (क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९ : १ ने सुरुवात करा), पूर्ण सुकवा, त्यावर सॉफ्ट अगारमधला सबटिलिस ओता, दुसऱ्या दिवशी एमटीटी हा रंग शिंपडा. जिवंत बॅक्टेरिया जांभळे होतात आणि जिथे औषध आहे तिथे फिकट डाग राहतो. दहा डागांपैकी नेमका कुठला मारतोय ते डोळ्यांना दिसतं.

किती लागतं: एमआयसी

एमआयसी म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण. ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट घ्या. प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर म्युलर हिंटन ब्रॉथ (कॅटायन ॲडजस्टेड). पहिल्या वेलमध्ये एक्स्ट्रॅक्ट १०२४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं ५० घाला, मिसळा, त्यातलं ५० दुसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत, दहाव्यातलं ५० फेकून द्या. अकरावा वेल औषधाशिवाय, बारावा बॅक्टेरियाशिवाय. मग बारावा सोडून सगळ्यांत ५० मायक्रोलिटर बॅक्टेरिया घाला, बाराव्यात तेवढाच नुसता ब्रॉथ, ०.५ मॅकफार्लंडला १५० पट पातळ केलं की वेलमध्ये शेवटी सुमारे ५ लाख पेशी प्रति मिली होतात. आता पहिल्या वेलमध्ये २५६, पुढे १२८, ६४ असं उतरत गेलं. डीएमएसओ एक टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि नुसत्या डीएमएसओची एक ओळ वेगळी ठेवा.

१६ ते २० तासांनी ज्या वेलमध्ये गढूळपणा नाही, बुडाशी ठिपका नाही, त्यातलं सगळ्यात कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. एक्स्ट्रॅक्ट रंगीत असेल तर रेझाझ्युरिन घाला, निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. तीनदा करा, एका वेलचा फरक चालतो. सोबत जेंटामायसिन लावा, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर ०.२५ ते १ मायक्रोग्रॅममध्ये यायला पाहिजे, नाही आलं तर त्या दिवशीचं बाकी काहीच खरं धरू नका. आणि कच्च्या एक्स्ट्रॅक्टच्या ६४ ची तुलना शुद्ध औषधाच्या १ शी करू नका, त्या ६४ मध्ये खरं औषध किती हे तुम्हाला माहीतच नाही.

स्वच्छ वेलमधलं थोडं साध्या अगारवर पसरवून बघा, ९९.९ टक्के मेले असतील अशा वेलमधलं सगळ्यात कमी प्रमाण म्हणजे एमबीसी, बॅक्टेरिया मारायला लागणारं कमीत कमी प्रमाण.

नवीन आहे का जुनंच?

ॲक्टिनोमायसिटीसमध्ये दहातला एक स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवतो, शंभरातला एक स्ट्रेप्टोमायसिन, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे तुमच्या हातात जुनंच असण्याची शक्यता खूप जास्त, ते लवकर कळलेलं बरं. गरिबाची युक्ती सांगते: ई. कोलायचा एचबी१०१ हा लॅब स्ट्रेन स्ट्रेप्टोमायसिनला जुमानत नाही. तुमचं एक्स्ट्रॅक्ट के-१२ ला मारतं पण एचबी१०१ ला मारत नाही, तर स्ट्रेप्टोमायसिनचाच संशय घ्या.

माझ्या क-१७ ने सबटिलिसवर २६ मिलिमीटरचा झोन दिला होता, अगार नारिंगी-पिवळा झालेला, सगळे कंट्रोल पास, पेढे आणायचेच बाकी होते. पण नारिंगी रंग आणि ग्रॅम पॉझिटिव्हवर एवढा मोठा झोन म्हणजे पहिला संशय ॲक्टिनोमायसिनचा, १९४० पासून माहीत असलेला, कॅन्सरच्या औषधात वापरतात पण माणसाच्या पेशींनाही तितकाच मारतो. दुसऱ्या एका संस्थेत एलसी-एमएस (रेणू वेगळे करून त्यांचं वजन म्हणजे मास मोजणारी टेस्ट) करून घेतलं, मास १२५४ च्या आसपास. ॲक्टिनोमायसिन-डी. वाईट वाटलं, पण त्या एका रनने पुढचं वर्ष वाचवलं. म्हणून रंगीत एक्स्ट्रॅक्ट नेहमी ग्लोव्हज घालूनच हाताळा.

स्ट्रेनची ओळख सोळा एस नावाच्या जीनच्या सिक्वेन्सिंगने होते, २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर, बाहेरून करून मिळतं. इझबायोक्लाउड या वेबसाइटवर टाका, सगळ्यात जवळच्याशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर नवीन प्रजाती असण्याची शक्यता. पण नवीन प्रजाती म्हणजे नवीन औषध नाही, आणि जुन्या प्रजातीतून नवीन औषध निघू शकतं. पूर्ण जिनोम परवडला तर अँटिस्मॅश नावाच्या फुकट वेबसाइटवर टाका, औषध बनवणाऱ्या जीन्सचे पुंजके दाखवते, एका स्ट्रेप्टोमायसिसमध्ये वीस-तीस सहज असतात आणि लॅबमध्ये त्यातले मोजकेच जागे असतात. मासचा डेटा जीएनपीएस या वेबसाइटवर टाकून ओळखीच्या रेणूंशी जुळवता येतो, तेही फुकट.

माणसाला मारतं का, हे पण याच टप्प्यावर थोडं बघा. विकत मिळणाऱ्या मेंढीच्या रक्ताच्या धुतलेल्या लाल पेशी, २ टक्के सस्पेन्शन, त्यात एमआयसीच्या दहापटीपर्यंत एक्स्ट्रॅक्ट, ३७ डिग्रीला एक तास, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी लाल झालं की पेशी फुटल्या. तुलनेला ट्रायटन एक्स-१०० म्हणजे १०० टक्के आणि नुसतं सलाइन म्हणजे शून्य. साबणसुद्धा बॅक्टेरिया मारतो, झोन पण देतो, पण तो शिरेतून देता येत नाही.

या चाळण्यांतून माझ्याकडे आता एकटा क-४१ उरलाय. झोन लहान, ११ मिलिमीटर, पण ई. कोलाय आणि बेलाई दोघांवर, एचबी१०१ वर पण, लाल पेशी फुटत नाहीत, आणि मास अजून कुठल्या ओळखीच्या रेणूशी जुळलेला नाही. शुद्ध करायला दहा लिटर ब्रॉथ लागेल आणि आमचा शेकर दीड लिटरचा आहे, त्यामुळे दर आठवड्याला थोडं थोडं साठवतेय.

तुमच्याकडेही असा एखादा उरला तर दोन कामं लगेच करा. पेटंटचा विचार मनात असेल तर कुठेही पोस्टर, पेपर, फोटो टाकण्याआधी गाईडशी बोला, आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया समजून घ्या, २००२ च्या कायद्यात भारतातल्या जैविक साधनांवरच्या पेटंटसाठी ती लागते. आणि स्ट्रेनचे ग्लिसरॉल स्टॉक एका फ्रीजरमध्ये ठेवू नका. मे महिन्यात आमच्याकडे शनिवारी रात्री लाइट गेली, सोमवारी सकाळी फ्रीजरखाली पाणी साचलेलं होतं. क-४१ च्या सहा ट्यूब त्यात होत्या, बाकी सहा दुसऱ्या बिल्डिंगमध्ये मैत्रिणीच्या उणे ऐंशीत, झाकणावर नाव आणि तारीख पेन्सिलने लिहिलेली, कारण मार्कर स्पिरिटने पुसला जातो. त्या सहांवरच आता काम चालू आहे.